दुरुस्तीला गेलेला मास्क

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, दारू पोटात गेल्यावर गळ्यात पडून रडणाऱ्या मित्रांनासुद्धा नाही. आणि मला ओळखणारा कुणीही तुम्हाला सांगेल की गजाने एखादी गोष्ट सांगायची बाकी ठेवली, हेच मुळात अशक्य आहे. मुरबाड ते शहापूर या पट्ट्यात माझ्याइतकं तोंड चालवणारा दुसरा माणूस नसेल. एसटीत माझ्या शेजारी बसलेला प्रवासी आपलं गाव विसरून डेपोपर्यंत जातो, अशी माझी ख्याती. ती ख्यातीही मीच पसरवलेली, ते सोडा.

तर सांगतो. पण जरा लांबून यावं लागेल. सरळ चालत त्या जागी जायला अजून पाय उचलत नाही — का, ते कळेलच तुम्हाला.

मी कॉलेजात सॉफ्टबॉलचा असिस्टंट कोच होतो. शहापूरकडच्या एका कॉलेजात, नाव कशाला. मुलींचा संघ. शिट्टी आणि भाषण क्रीडा विभागाच्या प्रमुखांकडे. उन्हात उभं राहणं, चुन्याच्या रेषा मारणं, पोरींच्या घरी जाऊन बापांची समजूत काढणं आणि गोष्टी सांगणं माझ्याकडे. पोरी तोंडावर मला सर म्हणायच्या आणि पाठीमागे गप्पासर. मला दोन्ही चालायचं. खरं म्हणजे दुसरं जास्त आवडायचं.

जूनमध्ये नव्या पोरी आल्या की पहिल्या दिवशी मी डाव्या हाताची करंगळी वर करायचो. ती वाकडी आहे, अगदी आकड्यासारखी. "ही कशी वाकडी झाली?" मी विचारायचो आणि उत्तराची वाट न बघता सुरू व्हायचो — पंजाबचा पिचर, साडेसहा फूट उंची, हात म्हणजे नुसती गोफण, त्याने टाकलेला चेंडू माझ्या ग्लोव्हमधून पलीकडे आला, करंगळी मोडली, तरी मी तीच मुठीत धरून सामना संपवला. खरं तर करंगळी मुरबाड स्टँडवर एसटीच्या दारात चेंगरली होती. कंडक्टरने दार ओढलं तेव्हा मी आत कुणाला तरी गोष्टच सांगत होतो. आणि भातसानगरला खेळताना मी मारलेला चेंडू धरणात पडला आणि नंतर मुंबईत कुणाच्या तरी नळातून निघाला, हे तर तुम्ही ऐकलंच असेल. नसेल ऐकलं तर त्या भागातले नाही तुम्ही.

हे खोटं मला कधी टोचलं नाही. ऐकणाऱ्यालाही माहीत असायचं, मलाही. गंमत होती. पण त्या सगळ्या गमतीत एक गोष्ट अशी होती, जी पोरी खरी मानायच्या. मीही ती खरी म्हणूनच सांगायचो. ती शेवटी यायची, मास्क हातात घेऊन.

कॅचर म्हणजे बॅटवालीच्या मागे उकिडवी बसते ती. चेंडू तिच्याच तोंडावर येत असतो, म्हणून तिच्या तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क. नावात सॉफ्ट असलं तरी चेंडू कसला सॉफ्ट, नारळच तो. तर मी तो मास्क वर धरायचो आणि म्हणायचो: "मुलींनो, आमच्या टीमला एक कॅचर होता. सिद्धगडच्या पायथ्याचा. छाती अशी, मांड्या अशा, आणि माज — माज तर गडाएवढा! एकदा आम्ही म्हटलं, अरे मास्क घाल. तर हा काय म्हणाला माहितीये?" इथे मी थांबायचो. छाती फुगवायचो. मिशीवरून हात फिरवायचो — त्याला मिशी नव्हती, ती माझी भर. आणि आवाज जाड करून म्हणायचो, "वाघ कधी पिंजऱ्यात तोंड घालतो का?"

पोरी खो-खो हसायच्या. मग मी आवाज खाली आणायचो. "चेंडू बॅटीची कड चाटून आला. डावा डोळा गेला वाघाचा." मग मी मास्क पुढे करायचो आणि पहिली जी पोरगी असेल ती निमूटपणे डोक्यावरून ओढून घ्यायची. माझ्या संघात मास्कशिवाय कुणी कधी बसली नाही. प्रमुखसुद्धा म्हणायचे, गजानन, तुमची ती गोष्ट फार परिणामकारक आहे हो.

डोळा खरा आहे. तेवढाच खरा आहे.

त्याचं नाव धर्मा. माज वगैरे काही नव्हतं त्याच्यात. माजाला आवाज लागतो, धर्माला आवाजच नव्हता. सिद्धगडच्या पायथ्यापासून चालत रस्त्यावर यायचा, तिथून एसटी, आणि आमच्या वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायचा तो कॉलेज सुटेपर्यंत. नव्वदीच्या मधली वर्षं. आम्ही शिकत होतो त्या मुरबाडच्या कॉलेजात सॉफ्टबॉल नवाच आला होता. आमचे क्रीडाशिक्षक — आम्ही त्यांना मोठे सर म्हणायचो — एका शिबिरातून एक पिशवी घेऊन आले. पिशवीत दोन बॅटी, थोडे ग्लोव्ह, चेंडू आणि एक मास्क. एकच. सरांनी चेंडू हवेत फेकून बघितला कोण कसा झेलतो ते. आमच्या हातावर फटाफट आवाज यायचे. धर्माने झेलला तेव्हा आवाजच आला नाही.

सरांनी विचारलं, कुठे शिकलास? तो म्हणाला, आंब्याखाली. त्याचा काका झाडावरून आंबे टाकायचा, हा खाली झेलायचा. आंब्याबरोबर हात मागे न्यावा लागतो, नाहीतर आंबा पिचतो आणि अढीत ठेवला की सडतो. पिचलेल्या आंब्यामागे एक धपाटा. असा तो शिकला. त्या दिवसापासून धर्मा कॅचर.

आणि मी? मी राखीव. पोरींना सांगितलं ते विसरा. मला धड चेंडू टाकता यायचा नाही, मारता तर त्याहून नाही. पण सरांना माझ्या बडबडीने करमायचं, म्हणून त्यांनी मला संघात ठेवलं आणि पिशवी माझ्याकडे दिली. सामान सांभाळायचं, सरावाला आणायचं, परत न्यायचं. जिमखान्याच्या खोलीचं कुलूप मोडकं होतं, म्हणून पिशवी माझ्याच घरी असायची.

धर्माला पोलिसात जायचं होतं. त्याच्या घरात पगार कुणालाच नव्हता. उंची होती, धावायचा तर हरणासारखा, आणि मोठ्या सरांनी सांगितलं होतं की राज्यापर्यंत खेळलास तर खेळाडूंच्या कोट्यातून तुझं काम नक्की. तेव्हापासून तो सरावाला सगळ्यांच्या आधी यायचा. एक सोयरीकही ठरत आली होती त्याची. हे मला त्यानेच सांगितलं होतं. मलाच सांगितलं होतं, कारण मी त्याचा मित्र होतो. हो, होतो.

आता जत्रा.

मुरबाडजवळच्या म्हसा गावाची जत्रा थंडीत भरते. बैलांचा बाजार, घोंगड्यांची रांग, गोडीशेवेचे ढीग, पाळणे, आणि धुरळा एवढा की घरी आल्यावर आई ओळखत नाही. माझ्या वर्गातल्या पोरी जाणार होत्या, तेव्हा मीही जाणार. पण नुसता जाऊन काय करू? माझ्यात बघण्यासारखं काय होतं? म्हणून पिशवीतला मास्क घेतला. तोंडावर चढवला आणि त्या गर्दीतून निघालो असा, की जणू राज्याचा कप्तानच. पोरं मागे लागली, बायका पदर तोंडाला लावून हसल्या. वर्गातल्या पोरींनी बघितलं की नाही, देव जाणे. मला वाटत होतं सगळं जग बघतंय.

बैलबाजारात एक म्हातारा एक खोंड घेऊन उभा होता. जवान खोंड, पांढरा, डोळे काजळ घातल्यासारखे. म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं, जवळ आला, जाळीला बोट लावलं आणि म्हणाला, "कुनाच्या बैलाचं मुसकं पळवलंस रे?"

मळणी करताना बैलाने पिकात तोंड घालू नये म्हणून तोंडाला जाळी बांधतात ना, ते मुसकं. म्हाताऱ्याला वाटलं, हे लोखंडी मुसकं माणसाने चुकून स्वतःला बांधलंय. लोक हसले. माझ्यावर. आणि मला लोक माझ्यावर हसलेले चालत नाहीत, माझ्यामुळे हसलेले लागतात. मी म्हटलं, "बाबा, हे अमेरिकेचं मुसकं हाय. तिकडचे बैल माणसं खातात!"

"काय बोलतोस!"

"तर काय. तुमच्या खोंडाला होतंय का बघू."

पन्नास माणसं जमली असतील. मी मास्क काढला आणि खोंडाच्या तोंडावर चढवला, पट्टे शिंगांच्या मागे ओढून बसवले. आणि बसला हो! असा बसला की कुणी मापाने शिवून आणला असावा. लोकांना हसू आवरेना. कुणीतरी ओरडला, "आरं, ह्याला आता बॅट द्या!" मी हात पसरून उभा, जणू बैल नाही, हत्ती पाळलाय.

मग खोंडाने मान झटकली. पट्टा ताणला जाऊन कानावर फाटकन बसला. त्याने पुन्हा मान झटकली, आणि डोळे असे फिरवले की माझं हसू तिथेच थांबलं. मेख उपटून तो निघाला. म्हातारा दोरीला लोंबकळत थोडा फरफटला आणि सुटला. खोंड घोंगड्यांच्या रांगेतून आरपार, एक घोंगडी शिंगावर, मास्क तोंडावर, आणि माणसं दोन्ही बाजूंना उडतायत —

काय गोष्ट आहे ही! माझ्या आयुष्यात खरी घडलेली, एक अक्षर न वाढवता सांगण्यासारखी एकमेव गोष्ट. आणि ती मी कधीही, कुणालाही सांगितली नाही. मुंबईच्या नळातून चेंडू काढला मी, पंजाबचा पिचर जन्माला घातला, पण हे नाही.

कारण मी पळालो. म्हाताऱ्याला लागलं का ते बघितलं नाही. खोंड सापडला की नाही माहीत नाही, मास्क तर लांबच. भरपाई मागतील म्हणून गर्दीतून सटकलो आणि मिळेल त्या टेम्पोत बसून घरी आलो.

पुढच्या आठवड्यात विभागीय सामने होते, कल्याणला. मोठ्या सरांना सांगायला वेळ होता मला. रोज सकाळी ठरवायचो, आज सांगतो. काय केलं असतं त्यांनी? दोन मुस्काटात दिल्या असत्या, पिशवी काढून घेतली असती, फार तर संघातून काढलं असतं. कुठूनतरी मागून, उसना मास्क आणला असता. एवढंच झालं असतं. एवढंच.

सरावाला कॉलेजमागचं भाताचं खाचर होतं. कापणी झालेलं, ढेकळं आम्हीच फोडलेली. जत्रेनंतरचा पहिला सराव होता आणि सर ऑफिसात अडकले होते. म्हणाले, सुरू करा, आलोच. धर्माने पिशवीत हात घातला, सगळी पिशवी उलटी केली.

"गजा, मास्क कुठाय रे?"

बघा, इथे होती जागा. मी तोंड उघडलं. माझं तोंड उघडलं की काय बाहेर येतं ते तुम्हाला एव्हाना कळलंय. आवाज मात्र त्याच्यापुरताच ठेवला.

"दुरुस्तीला दिलाय. पट्टा तुटला व्हता. मोठ्या सरांनीच कल्याणला धाडलाय."

"मग आज नाय बसत मी. फिल्डिंग करू नुसती."

बरोबर बोलला होता तो. पण सर येणार, विचारणार, कॅचर का नाही बसला? मास्क कुठाय? म्हणून सर यायच्या आत तो बसायला हवा होता, लांबून तरी सगळं नेहमीसारखं दिसायला हवं होतं. म्हणून मी त्याच्या खांद्यावर थाप मारली, सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हटलं:

"आरे, वाघ कधी पिंजऱ्यात तोंड घालतो का?"

हो. मी म्हणालो ते. मी.

पोरं हसली. धर्माही थोडा हसला, मान खाली घालून, आणि बसला. नको म्हणायची त्याला सवय नव्हती. त्यातून सांगणारा मी होतो.

आणि बॅट माझ्या हातात होती. राखीव खेळाडूला कधीतरी मिळते तशी, त्या दिवशी मलाच मिळाली होती. माझ्या मागे बिनमास्कचा माणूस बसलाय, हे मला माहीत होतं. तरी चेंडू आला तेव्हा मी जीव खाऊन बॅट फिरवली, जसा धरणात पाडायचाय. चेंडू कडेला चाटला. मागे आवाज आला. तो कसा होता, ते नाही सांगणार. धर्माच्या हातात कधी आवाज यायचा नाही, एवढंच आठवलं मला तेव्हा.

त्या फटक्याबद्दल मला सगळ्यांनी माफ केलं. हे ऐका नीट. त्या फटक्याचं ओझं माझ्यावर कुणी ठेवलंच नाही — कुणाच्याही हातून झालं असतं, खेळ आहे, तुझा काय दोष गजा. मी रडत होतो, खरोखर रडत होतो, आणि मोठे सर माझ्या पाठीवरून हात फिरवत होते. मी त्या हाताखाली बसलेला असताना त्यांनी विचारलं, "पण मास्क का नव्हता घातला त्याने?" आणि मी रडता रडता सांगितलं, की मास्क धर्माकडेच होता. माझ्याकडून मागून त्याने घरी नेला होता. आणि मुद्दाम घरीच ठेवला. आम्ही म्हटलं, मास्कशिवाय बसू नको, तर म्हणाला, वाघ कधी पिंजऱ्यात —

बाकीच्या पोरांनी वाघ-पिंजरा ऐकलंच होतं. कोण बोललं, ते त्या गडबडीत कुणाच्या लक्षात? दोन दिवसांत प्रत्येकाला आठवायला लागलं की धर्माच बोलला. गोष्ट सांगायची तर अशी.

सरकारी दवाखान्यात मी सरांबरोबर गेलो. जावंच लागलं. धर्माचं अर्धं तोंड पट्ट्यांत. पायाशी त्याचा बाप उभा, खांद्यावर घोंगडी. सर दुःखाने म्हणाले, "मास्क घरी का ठेवलास रे पोरा? गजाने सांगितलं मला सगळं."

धर्माने उरलेला डोळा माझ्याकडे वळवला. त्या नजरेत राग होता का? नव्हता. तो नुसता बघत होता, चेंडू कुठून येतोय ते बघतात तसा. मी खाली बघितलं. फरशीला एक तडा होता, तो अजून डोळ्यासमोर आहे.

मग धर्मा म्हणाला, "चुकलं, सर."

का म्हणाला? मला वाचवायला? की आता कोण विश्वास ठेवणार, असं वाटलं त्याला? की त्याचं त्यालाच खरं वाटायला लागलं, गुंगीत? मी विचारलं नाही. त्यानंतर मी त्याला भेटायलाच गेलो नाही. सिद्धगडच्या वाटेला गेलो नाही. त्याचा बाप मुरबाडच्या बाजारात दिसला की मी दुकानात शिरायचो.

कॉलेजने नवा मास्क घेतला. कॅचर हवा होता. मी सरांना म्हटलं, मी बसतो — धर्मासाठी. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बसलो. आणि काय गंमत बघा, हळूहळू जमायला लागलं. वाईट नव्हतो. विद्यापीठाच्या संघात गेलो, एकदा राज्यालाही, दुसऱ्या फळीत का होईना. त्या जोरावर पुढे असिस्टंट कोच. तुम्ही विचाराल, खेळाडू म्हणून तुमचा प्रवास कसा सुरू झाला? पोरीही विचारायच्या. पंजाबचा पिचर त्यासाठीच लागायचा मला.

मग दोन हजारनंतरची वर्षं. शहापूरच्या त्या कॉलेजात एका जूनमध्ये एक बारीक, काळीसावळी पोरगी आली, वनिता. मामा भातसानगरला धरणावर कामाला, त्यांच्या क्वार्टरमध्ये राहून शिकायची. आडनाव आमच्याकडे घराघरांत सापडणारं, माझ्या डोक्यात काही वाजलं नाही. मी चेंडू हवेत फेकला. तिने झेलला. आवाज आला नाही.

तेव्हासुद्धा मला कळलं नाही? कळलं असावं. पण माझं तोंड सुरू झालं होतं. करंगळी झाली, धरण झालं, मास्क हातात आला. छाती फुगवली, मिशीवर हात, वाघ, पिंजरा. पोरी हसल्या. ती नाही हसली. सगळ्या गेल्यावर मास्क परत द्यायला आली आणि म्हणाली, "सर, तो वाघ माजा दादा हाय."

मी म्हटलं, हो का, अरे वा, कसा आहे? असंच म्हटलं. अरे वा.

म्हणाली, बरा हाय, शेती करतो, गुरं बघतो. तिला सॉफ्टबॉल घ्यायला त्यानेच सांगितलं होतं. घरामागे आंब्याखाली त्यानेच शिकवलं होतं. फक्त मास्क घातल्याबिगर बसू नको, एवढंच बोलायचा. आणि मग ती सांगत गेली, मी विचारलं नव्हतं तरी. गावात अजून पोरं त्याला बघून ओरडतात, काय वाघा, पिंजरा कुठं हाय? माझं वाक्य मुरबाड ओलांडून गडाखाली पोचलं होतं, माझ्याही आधी. लग्न मोडलं ते मोडलंच. असल्या आडमुठ्याला कोण पोरगी देणार. बाप त्याच्याशी नीट बोलत नाही, जेवायला हाक मारतो तेवढीच. पोराने माजापायी घराची नोकरी घालवली, हे बापाच्या मनात गच्च बसलंय. आणि कॉलेजचा मास्क परत करायचा म्हणून आईने तेव्हा सगळं घर शोधलं होतं. माळा शोधला, कणगीत हात घालून बघितलं. "गोठ्यातला पेंढासुद्दा उपसला व्हता आयनं," वनिता म्हणाली. "दादा नुसता बसून बघत व्हता. मंग म्हनला, वाटंत पडला आसंल."

मग तिने ते विचारलं, ज्यासाठी ती थांबली होती.

"सर, तुमी व्हते ना तिथं? दादा खरंच तसं बोलला व्हता? तो तर कदी मोठ्यानं बोलत पन नाय. आमी इचारलं तर उठून जातो. तुमी सांगा. मी बाबांना सांगीन."

मैदानात दुसरं कुणी नव्हतं. माझी नोकरी जाणार नव्हती. मोठे सर केव्हाच निवृत्त झाले होते. एक नाही म्हणायचं होतं. नाही गो पोरी, तो नाही बोलला. एवढं. ती संध्याकाळी मामाच्या घरून गावी निरोप धाडणार, आणि तिकडे एक म्हातारा आपल्या पोराकडे मान वर करून बघणार.

मी म्हटलं, "हो. माझ्या कानांनी ऐकलं."

तिने मान हलवली. मास्क माझ्या हातात दिला आणि गेली.

तिच्या शेवटच्या वर्षी आमचा संघ कल्याणला अंतिम सामना खेळला. वनिता कॅचर. धर्मा बघायला आला होता. मला तो आधी ओळखूच आला नाही. पांढरा सदरा, केस पुढून गेलेले. मैदान दिसावं म्हणून मान किंचित डावीकडे वळवून बसला होता. पूर्ण सामना मी त्याच्या बाजूला पाठ करून उभा राहिलो. संपल्यावर तो स्वतःच आला. पोरी नाचत होत्या, वनिता मास्क डोक्यावर सरकवून हसत होती.

त्याने माझ्या हातात हात दिला. हात तसाच, मागे जाणारा. म्हणाला, "चांगलं शिकवलंस पोरींना."

मग थोडं जवळ येऊन, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात, त्याच्या नेहमीच्या आवाजात, विचारलं, "गजा, तो मास्क आला का रे, दुरुस्तीवरनं?"

आयुष्यभर माझ्याकडे प्रत्येकाला उत्तर होतं.

"आला," मी म्हटलं. "आला की."

"बरं झालं," धर्मा म्हणाला, आणि बहिणीची पिशवी उचलून एसटीकडे निघून गेला.

पुढच्या जूनमध्ये नव्या पोरी आल्या. वनिता पास होऊन गेली होती, ओळखणारं कुणी नव्हतं. मी करंगळी वर केली. धरण सांगितलं. मास्क हातात घेतला, छाती फुगवली, मिशीवरून हात फिरवला, आणि वाघ कधी पिंजऱ्यात तोंड घालतो का, हे धर्माच्या आवाजात म्हटलं — जो आवाज त्याचा कधीच नव्हता.

पोरी पोट धरून हसल्या.